माळ्यावरचा कॉम्प्युटर: विंटेज की भंगार, ठरवायचं कसं

माळ्यावरून जुना कॉम्प्युटर खाली काढला असेल तर तो लगेच प्लगला लावू नका. ‘चालतोय का बघूया’ म्हणून बटण दाबायचं आणि थोड्या वेळात मागून धूर, हा दिवाळीच्या साफसफाईतला ठरलेला प्रकार. वीस-पंचवीस वर्षं वीज न लागलेले कपॅसिटर, म्हणजे वीज साठवणारे छोटे भाग, पहिल्याच दमात बसतात. ऐंशीच्या दशकातल्या काही पॉवर सप्लायमध्ये तर मेन्सच्या तोंडालाच कागदी इन्सुलेशनचे, पिवळट पारदर्शक कवचाचे कपॅसिटर असतात. कवचाला बारीक तडे गेले की दमट हवा आत शिरते, आणि तो फुटला की घरात असा वास सुटतो की खिडक्या उघडूनही जात नाही. आधी उघडायचं, नीट बघायचं, मग ठरवायचं. चालवायचं नंतर.

मी सांगलीतल्या एका इंजिनिअरिंग कॉलेजात कॉम्प्युटर लॅबची सहायक होते. डेडस्टॉक रजिस्टर माझ्याकडे असायचं. मशीन आलं की नोंद, गेलं की निर्लेखनाचा कागद, आणि मधल्या काळात पोरांनी पळवलेल्या माउसच्या गोळ्यांचा हिशेब. निवृत्त झाल्यापासून मार्केट यार्डातले अडते, गणपती पेठेतले प्रेसवाले, पतसंस्थांचे मॅनेजर, कोणी ना कोणी फोन करतं. “ताई, जुनं मशीन निघालंय. विंटेज आहे का बघता? नाहीतर भंगारात घालतो.” या प्रश्नाला फोनवर उत्तर नसतं. पण घरी बसून तुमचं तुम्हाला काय काय बघता येईल, ते सांगते.

साल शोधा

एचसीएल, विप्रो, झेनिथ असं कंपनीचं मशीन असेल तर मागे पट्टी किंवा स्टिकर असतो, काम सोपं. पण आपल्या भागातली बहुतेक मशिनं असेम्बल. कॅबिनेट एका सालचं, मदरबोर्ड दुसऱ्या सालचा, हार्ड डिस्क कोणीतरी मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवरून आणलेली, ती तिसऱ्याच सालची. म्हणून कॅबिनेटवर जाऊ नका. समोर टर्बोचं बटण आणि ६६ आकडा दाखवणारा छोटा डिस्प्ले असेल तर त्यावर तर अजिबातच नको. तो आकडा मशीन मोजत नसतं, मागच्या जंपरनी, म्हणजे पिनांवरच्या छोट्या टोप्यांनी, बसवलेला असतो. ३३ मेगाहर्ट्झच्या मशिनीवर ६६ दाखवणं दोन मिनिटांचं काम होतं.

खरं साल चिपांवर छापलेलं असतं. टॉर्च आणि भिंग घ्या. बहुतेक चिपांवर नावाखाली चार आकडे दिसतात, पहिले दोन साल आणि पुढचे दोन त्या सालातला आठवडा. ९३१८ म्हणजे १९९३ चा अठरावा आठवडा. एकाच चिपवर थांबायचं नाही, आठ-दहा वाचायच्या. त्यातली सगळ्यात अलीकडची जी असेल, त्याच्या आधी तो बोर्ड बनलेला असूच शकत नाही.

इथे नवखा माणूस हमखास फसतो. कीबोर्डच्या सॉकेटजवळ एक लांबट चिप असते, तिच्यावर ८०४२ लिहिलेलं असतं. लगेच ‘१९८० चा बेचाळिसावा आठवडा’ म्हणून नाचू नका. ८०४२ हे त्या कीबोर्ड कंट्रोलरचं नाव आहे. ८२३७ सुद्धा नावच, डीएमए कंट्रोलरचं. ८२५९ वाचून तर आपोआप शंका यायला पाहिजे, कारण वर्षात एकोणसाठ आठवडे नसतात. नाव वरच्या ओळीत आणि ठळक असतं, तारखेचे आकडे बहुधा खालच्या ओळीत, बारीक.

हार्ड डिस्कचं नावही साल सांगतं. कॉनर कंपनी १९९६ मध्ये सीगेटनं घेतली, क्वांटमचा डिस्कचा धंदा २००१ मध्ये मॅक्सटॉरकडे गेला, आणि २००६ मध्ये मॅक्सटॉरही सीगेटमध्ये विरघळली. कॉनरची डिस्क दिसली की नव्वदच्या दशकाचा पूर्वार्ध धरून चालायचं.

शाळा-कॉलेजातून आलेल्या मशिनीवर पांढऱ्या ऑइलपेंटनं रंगवलेला डेडस्टॉक नंबर असतो. लोक तो थिनरनं पुसून काढतात, मशीन ‘स्वच्छ’ दिसावं म्हणून. पुसू नका. कुठल्या विभागात, कुठल्या साली हे मशीन आलं याचा तोच एक पुरावा असतो. बिल सापडलं तर फारच उत्तम, तेही कॅबिनेटबरोबरच ठेवा.

किती वर्षं झाली की विंटेज?

यावर एक नियम नाही. आपल्या सरकारनं २०२१ मध्ये गाड्यांसाठी नियम केला, त्यात पहिल्या नोंदणीपासून पन्नास वर्षं झालेली गाडी विंटेज. १९७२ च्या कायद्यात पुरावस्तू ठरायला शंभर वर्षं लागतात. आणि ॲपल कंपनी आपलं मॉडेल विकायचं बंद करून पाच वर्षं झाली की त्याला विंटेज म्हणते, सात झाली की कालबाह्य. गाडीचा नियम कॉम्प्युटरला लावला तर १९७५ चा आल्टेअर आत्ता कुठे पास होतो, आणि १९८१ चा आयबीएम पीसी अजून रांगेत. ॲपलचा लावला तर तुमच्या पोराचा कॉलेजातला लॅपटॉपही विंटेज. ॲपलचा तो नियम दुरुस्तीच्या सुट्या भागांपुरता आहे, तुमच्या-माझ्या कामाचा नाही.

हौशी लोकांत वीस वर्षं किंवा पंचवीस वर्षं असं बोललं जातं. मला ते पटत नाही. वीस वर्षांमागचा साटा केबलचा (डिस्क जोडायची पातळ, चपटी केबल) डेस्कटॉप आजही नवीन एसएसडी लावून चालतो, कोणत्याही यूएसबी कीबोर्डला ओळखतो. त्यात विंटेज काय?

माझी कसोटी जोडणीची आहे. मशिनीतला एक भाग हातात घ्या आणि विचारा, हा आज दुकानात मिळणाऱ्या मशिनीला सरळ लागतो का? लागत असेल तर तो फक्त जुना आहे. मधे कसला तरी ॲडॉप्टर शोधावा लागत असेल तर तो उंबरठ्यावर आहे. आणि तो चालतो की नाही हे बघायलासुद्धा त्याच काळातलं दुसरं मशीन लागत असेल, तर तो पलीकडे गेला.

हार्ड डिस्क घ्या. २००६ ची साटा डिस्क आजच्या बोर्डला सरळ लागते. १९९८ ची, साटाच्या आधीच्या जोडणीची, चाळीस पिनांची आयडीई डिस्क यूएसबी ॲडॉप्टरवर वाचता येते. पण सीगेटची एसटी-२२५, ती वीस एमबीची डिस्क, तिला स्वतःचं कंट्रोलर कार्ड लागतं, ते कार्ड बसायला बोर्डवरची जुनी खाच, म्हणजे काळा लांब आयएसए स्लॉट लागतो, आणि बऱ्याचदा ज्या कंट्रोलरवर ती फॉरमॅट झाली तोच कंट्रोलर लागतो. डिस्क एकीकडे आणि कार्ड दुसरीकडे गेलं की दोन्ही मुकी. म्हणून असली डिस्क सापडली तर ती काढून वेगळी विकू नका. अख्खी साखळी एकत्र आहे, हीच तिची किंमत.

आता मशीन उघडून ही कसोटी लावत चला. कीबोर्डचं सॉकेट मोठं गोल, पाच पिनांचं? पॉवर सप्लायची बोर्डला जाणारी दोन वेगवेगळी कनेक्टरं, ज्यांच्या काळ्या वायरी मधे एकमेकीला लागून बसवायच्या असतात? स्लॉट सगळे काळे आयएसए, किंवा बरेच काळे आणि थोडे पांढरे पीसीआय? रॅमच्या पट्ट्या ३० किंवा ७२ पिनांच्या? तर हा एटी प्रकारचा बोर्ड, २८६ प्रोसेसरपासून सुरुवातीच्या पेन्टियमपर्यंत कुठलाही. एटीच्या जागी एटीएक्स ही बोर्डची नवी रचना १९९५ मध्ये आली, त्यामुळे ढोबळ मानानं १९९५ च्या आधीचं जे सुस्थितीत आणि अख्खं आहे, ते मी डोळे झाकून विंटेज म्हणते. त्यात वाद घालायला कोणी आलं तर चहा पाजून परत पाठवते.

१९९५ ते २००१ हा खरा डोकेदुखीचा पट्टा. सांगली, मिरज, इस्लामपूर, तासगाव, कुठेही जा, घराघरात कॉम्प्युटर शिरला तो याच काळात. १५ ऑगस्ट १९९५ ला व्हीएसएनएलनं सर्वसामान्यांना इंटरनेट दिलं, २००१ मध्ये एमएस-सीआयटी सुरू झालं, आणि गल्लोगल्ली क्लास उघडले. त्यामुळे या काळातली मशिनं ढिगानं आहेत. मशीन म्हणून बहुतेकांना किंमत नाही, आतल्या एखाद्या भागाला असू शकते. साध्या पेन्टियम थ्रीमध्ये थ्रीडीएफएक्स कंपनीचं व्हूडू कार्ड, म्हणजे खेळांतली थ्रीडी चित्रं काढणारं कार्ड, निघालं तर ते विंटेज. ती कंपनी काही वर्षांतच बुडाली, २००० च्या शेवटी तिचा माल-हक्क एनव्हिडियानं घेतला, आणि तिच्या ग्लाइड या ग्राफिक्स प्रणालीवर लिहिलेले खेळ त्याच कार्डावर खरे रंगतात. साउंड ब्लास्टर १६ या आवाजाच्या कार्डाचंही तसंच, आयएसए स्लॉटवर बसणारं असेल तर डॉसचे, म्हणजे विंडोजच्या आधीच्या प्रणालीवरचे, खेळ खेळणारा माणूस ते शोधत येतो. स्लॉट वनचा पेन्टियम टू, तो कॅसेटसारख्या काळ्या डब्यातला प्रोसेसर, दिसायला देखणा आहे, पण अजून भरपूर मिळतो. ठेवायचा तर हौसेनं ठेवा.

या पट्ट्याच्या तोंडाशी एक गंमतीचा प्रोसेसर आहे. १९९३-९४ चे ६० ते १०० मेगाहर्ट्झचे पहिले पेन्टियम, ज्यांच्यात भागाकाराचा दोष होता. दोष जगजाहीर झाल्यावर डिसेंबर १९९४ मध्ये इंटेलला ते बदलून द्यायची घोषणा करावी लागली. म्हणून दोष असलेला नग आज जास्त मोलाचा. तपासायचं असेल तर त्या काळच्या स्प्रेडशीटमध्ये ४१९५८३५ ला ३१४५७२७ नं भागा. उत्तर १.३३३८२ आलं तर प्रोसेसर धडधाकट, १.३३३७४ आलं तर तुमच्या हातात इतिहास आहे. वरचं सिरॅमिक आणि सोनेरी झाकण बघून भंगारवाला तो पहिला उचलतो, तेव्हा जपून.

२००१ नंतरचं? पेन्टियम फोर घेऊन लोक येतात आणि वीस वर्षांवर झाली म्हणतात. झाली असतील. त्या वर्षांतल्या बोर्डांवर निकृष्ट कपॅसिटरांची साथच आली होती, साधारण १९९९ ते २००७ या काळात. उभ्या नळकांड्यांची डोकी फुगलेली, वर तपकिरी खरकट जमलेलं. ते बदलण्याइतका तो बोर्ड दुर्मिळ नाही. अपवाद फक्त रॅम्बस नावाच्या वेगळ्या मेमरीच्या पहिल्या पेन्टियम फोरचा. त्याच्या रिकाम्या स्लॉटातही पट्टी भरावी लागायची, नाहीतर मशीन चालूच व्हायचं नाही. असं निघालं तर पट्ट्यांसकट ठेवा.

आणि १४ ऑक्टोबर २०२५ ला विंडोज १० चा आधार संपल्यावर जी मशिनं अडगळीत गेली, ती विंटेजही नाहीत आणि भंगारही नाहीत. लिनक्स घाला, वापरा.

आपल्याकडचं काय जपायचं

परदेशी याद्या वाचून इथलं मशीन ठरवायला जाल तर भलतंच जपाल आणि नेमकं फेकाल. आपल्या भागात खरं दुर्मिळ काय, ते वेगळं आहे.

सगळ्यात वर माझ्या मते सीडॅक या सरकारी संस्थेचं जिस्ट कार्ड. आयआयटी कानपूरमध्ये सुरू झालेलं भारतीय लिप्यांचं काम १९८८ मध्ये निघालेल्या पुण्याच्या सीडॅकमध्ये पुढे वाढलं, त्यातून हे कार्ड आलं. आयएसए स्लॉटमध्ये बसवलं की डॉसच्या प्रोग्रॅममध्ये पडद्यावर देवनागरी. विंडोजमध्ये मराठी नीट यायला विंडोज २००० उजाडावं लागलं. त्याच्या आधी सरकारी कचेरीत, बँकेत कॉम्प्युटरवर मराठी नावं दिसत होती ती अशा कार्डांच्या जिवावर. दिसायला ते एक साधं हिरवं कार्ड आहे, चिपा भरलेलं, त्यामुळे भंगारवाल्याच्या पोत्यात ते इतर कार्डांबरोबर किलोनं जातं. कुठल्याही जुन्या ऑफिसचं मशीन उघडाल तेव्हा प्रत्येक कार्ड बाहेर काढून त्यावर काय छापलंय ते वाचा. कीबोर्डच्या बटणांवर देवनागरी अक्षरं दिसली तर आत असं काही असण्याची शक्यता वाढते.

दुसरं, प्रेसवाल्यांची कुलपं. श्रीलिपी, आकृती अशी डीटीपीची सॉफ्टवेअरं चालवायला प्रिंटरच्या पोर्टवर एक छोटा डबा लावावा लागायचा. त्या काळच्या लग्नपत्रिका, दिवाळी अंक, सोसायट्यांचे अहवाल ज्या फाँटांत आहेत ते युनिकोड नाहीत, नुसती फाइल उघडली तर अक्षरांचा चिवडा दिसतो. कुलूप, सॉफ्टवेअरच्या फ्लॉप्या किंवा सीडी, आणि पॅरलल पोर्ट असलेलं मशीन, हे तिन्ही एकत्र असेल तर त्या मशिनीचं वय बघूच नका. पेन्टियम फोर असला तरी ठेवा. माझी जोडणीची कसोटी इथे उलट्या बाजूनं लागू पडते, मशीन सामान्य पण त्याच्याशिवाय दुसरं काहीतरी कायमचं बंद होतं.

तिसरं, शाळांमधले बीबीसी मायक्रो. १९८४-८५ मध्ये केंद्र सरकारनं निवडक शाळांत ‘क्लास’ नावाचा उपक्रम सुरू केला आणि त्यासाठी ब्रिटनच्या एकॉर्न कंपनीचं हे मशीन निवडलं. कीबोर्डमध्येच सगळा कॉम्प्युटर, लाल फंक्शन बटणं, ३२ केबी मेमरी, प्रोग्रॅम टेपच्या कॅसेटवर. एखाद्या हायस्कूलच्या कपाटात अजून असेल तर मुख्याध्यापकांना भेटून निर्लेखनाचा कागद रीतसर करून घ्या. बिनकागदाचं उचलू नका. उद्या ते संग्रहालयाला द्यायचं ठरलं तर पहिला प्रश्न ‘तुमच्याकडे कसं आलं?’ हाच असतो.

आता जे विंटेज नाही ते. टीव्हीएसचा डॉट मॅट्रिक्स प्रिंटर आणि टीव्हीएस गोल्ड कीबोर्ड. ‘केवढा जड, केवढा आवाज’ म्हणून लोक मोठ्या आशेनं आणतात. अहो, डॉट मॅट्रिक्स अजून बनतात, कार्बन कॉपीची पावती काढायला दुसरं साधन नाही. त्यांची रिबन मिळते. कीबोर्ड मात्र टाकू नका, त्याची मेकॅनिकल बटणं आजच्या स्वस्त कीबोर्डांच्या तोंडात मारतील. धुऊन-पुसून वापरा.

अजून कमावणारं मशीन

मिरज रस्त्याकडच्या एका वजनकाट्यावर डॉसवर चालणारं मशीन आहे. काट्याच्या इंडिकेटरची वायर सिरीयल पोर्टात, ट्रक चढला की वजन पडद्यावर, पावती प्रिंटरवर. मालक म्हणाले, “ताई, एक पोरगा बघून गेलाय, विंटेज आहे म्हणतोय, चांगले पैसे देतो म्हणतोय. देऊन टाकू?”

“अण्णा, आणि उद्या काटा कशावर चालवणार?”

“ते बघू की.”

माझ्या कसोटीवर ते मशीन केव्हाच पलीकडे गेलंय. तरी असं मशीन विकायचा सल्ला मी देत नाही. आधी त्याच्या डिस्कची नक्कल करा. आयडीई डिस्क असेल तर कॉम्पॅक्ट फ्लॅश कार्ड साध्या ॲडॉप्टरवर तिच्या जागी बसतं, कारण ते कार्ड आयडीईचीच भाषा बोलतं. मात्र जुन्या बायोसला, म्हणजे मशीन सुरू करणाऱ्या बोर्डवरच्या प्रोग्रॅमला, मोठं कार्ड झेपत नाही, ५०४ एमबीपेक्षा लहानच घ्या. नक्कल चालतेय हे दिसलं की मूळ डिस्क काढून तारीख लिहून ठेवा. मशीन काट्यावरून उतरेल तेव्हा ते सगळं मिळून जास्त मोलाचं ठरेल: मशीन, डिस्क, इंडिकेटरची केबल, जुन्या पावत्यांचं एक पुस्तक.

अवस्था बघताना

मदरबोर्डवर निळी किंवा हिरवी पिंपाच्या आकाराची ३.६ व्होल्टची बॅटरी दिसली तर ती आजच कापून काढा. ‘नंतर बघू’ नको. निकेल-कॅडमियमची ही बॅटरी गळते, आणि गळालेला क्षार तांब्याच्या रेषा खात खात कीबोर्ड कंट्रोलरपर्यंत जातो. ३८६ आणि ४८६ चे निम्मेअधिक बोर्ड मला या रोगानं मेलेले दिसलेत. हिरवट-निळसर बुरशीसारखं दिसलं तर व्हिनेगर किंवा लिंबाच्या रसानं हलकं घासा, डिस्टिल्ड पाण्यानं धुवा, शेवटी आयसोप्रोपिल अल्कोहोलचा हात फिरवा. नाण्याएवढी चपटी सीआर २०३२ असेल तर तितकी घाई नाही.

सांगलीत दुसरी गोष्ट बघावीच लागते, पूर. ऑगस्ट २०१९ मध्ये आयर्विन पुलाजवळ कृष्णेची पातळी ५७ फुटांवर गेली होती, २००५ चाही पूर आहेच. मारुती चौक, हरभट रोड भागातून आलेल्या मशिनी मी आधी आडव्या करून आतल्या कोपऱ्यात बोट फिरवते. बारीक गुळगुळीत गाळ लागला, स्क्रूंना एकाच उंचीपर्यंत गंज दिसला, की समजायचं. पुरात बुडालेली हार्ड डिस्क सीलबंद असते हा गैरसमज आहे, झाकणाला हवेसाठी बारीक भोक असतं आणि तिथून पाणी आत जातं. पॉवर सप्लायवर जीव लावू नका, तो काढून टाका. बोर्ड आणि कार्डं मात्र स्वच्छ पाण्यानं, मग डिस्टिल्ड पाण्यानं धुऊन सावलीत वाळवली तर बऱ्याचदा उठतात. बुडालेला साधा पेन्टियम थ्री असेल तर ही मेहनत मी करणार नाही. बुडालेलं जिस्ट कार्ड असेल तर दिवसभर बसेन.

तिसरी गोष्ट फक्त आपल्याकडची. मार्केट यार्डातून आलेल्या मशिनी पिवळ्या असतात, आणि त्यात दोन वेगळे पिवळे असतात. एक हळदीचा. सौद्याच्या दिवसांत हवेत हळदीची धूळ असते, पंखा ती आत ओढतो, पॉवर सप्लायच्या जाळीवर तिचा थर बसतो. दुसरा पिवळेपणा प्लास्टिकचा स्वतःचा, उन्हानं आणि वयानं आलेला. ओळखायचं सोपं. कापसावर आयसोप्रोपिल घेऊन पुसा. कापूस पिवळा झाला तर हळद, कारण ती अल्कोहोलमध्ये विरघळते. साबणाचं पाणी लावून डाग लालसर झाला तरी हळदच. काहीच झालं नाही तर प्लास्टिक. स्टिकर उचलून बघितलं तर खालचा रंग बहुधा मूळचा फिका दिसतो. हळद काढा, ती दमट हवेत ओल धरून ठेवते. प्लास्टिकचा पिवळेपणा राहू द्या. हायड्रोजन पेरॉक्साइड लावून उन्हात ठेवायची जी युक्ती चालते, त्यात चट्टे पडतात आणि रंग पुन्हा परततो. घेणारा जाणकार असेल तर त्याला पिवळं चालतं, चट्टे चालत नाहीत.

एवढं झाल्यावर चालवायचं असेल तर पॉवर सप्लाय बोर्डपासून सोडवा, पुढे एखादी निकामी झाली तरी चालेल अशी डिस्क लोड म्हणून लावा, कारण जुने सप्लाय रिकामे चालूच होत नाहीत, आणि वायरमनकडे असतो तसा शंभर वॉटचा सिरीज बल्ब मधे घ्या. बल्ब क्षणभर पेटून मंद झाला तर ठीक. भक्क पेटूनच राहिला तर आत शॉर्ट आहे, बंद करा. मग मल्टीमीटरनं ५ आणि १२ व्होल्ट बघा. पिक्चर ट्यूबच्या मॉनिटरचं झाकण मात्र स्वतः उघडू नका. ट्यूबला हजारो व्होल्ट असतात आणि प्लग काढल्यावरही काही काळ राहतात. जुना टीव्ही दुरुस्त करणारा माणूस शोधा, सांगलीत अजून आहेत.

विकायचं, ठेवायचं, टाकायचं

किंमत बघताना लोकांनी मागितलेले भाव वाचू नका, माल प्रत्यक्षात विकला गेला तो भाव बघा. मागायला काय, कोणीही काहीही मागतं.

विकण्याआधी डिस्कमधलं बघा. अडत दुकानाच्या मशिनीत शेतकऱ्यांच्या हिशेबाच्या पट्ट्या असतात, पतसंस्थेच्या मशिनीत ठेवीदारांची नावं. जुना डॉसमधला टॅलीचा डेटा निघाला तर दिवाणजींना विचारून नक्कल करा आणि मगच डिस्क पुसा. फ्लॉप्यांवर पावसाळ्यात बुरशी चढते. सरकवायची पट्टी बाजूला करून आतल्या चकतीवर पांढरे ठिपके दिसले तर ती फ्लॉपी ड्राइव्हमध्ये घालू नका, ड्राइव्हचं वाचणारं डोकं खराब होईल आणि पुढच्या चांगल्या फ्लॉप्याही जातील.

ठेवायचं ठरलं तर पत्र्याखालचा माळा नको, उन्हाळ्यात तिथे भट्टी होते. पुराचं पाणी येणाऱ्या गावभागात राहत असाल तर तळमजलाही नको. पहिल्या मजल्यावरचं कोरडं कपाट, आत सिलिका जेलच्या पुड्या. आणि एक कागद आत चिकटवा: मशीन कोणाचं, कुठल्या कामाला होतं, कुठली कार्डं आत आहेत, बॅटरी कधी काढली.

भंगारात घालायचं ठरलं तर गल्लीतल्या गाडीवाल्याला अख्खं देऊ नका. सोन्यासाठी बोर्ड ॲसिडमध्ये बुडवतात, तांब्यासाठी वायरी जाळतात, आणि पिक्चर ट्यूबच्या काचेत शिसं असतं. ई-कचऱ्याचे २०२२ चे नियम १ एप्रिल २०२३ पासून लागू आहेत, केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाकडे नोंदणी असलेल्या प्रक्रियादाराला माल द्यायचा. देण्याआधी आयएसए कार्डं, ७२ पिनांची रॅम आणि एटीची केबल काढून घ्या, दुसऱ्या कोणाचं तरी मशीन त्यावर उठतं. आणि सव्वापाच इंची फ्लॉपी ड्राइव्ह चालू निघाला तर तो कोणालाही देण्याआधी मला कळवा. गणपती पेठेतल्या एका प्रेसवाल्यांच्या दोन खोके फ्लॉप्या माझ्याकडे पडून आहेत, आणि माझ्या ड्राइव्हचा बेल्ट आता घसरायला लागलाय.